सिस्टरांचा नाताळ आणि आमची सुट्टी

परवा आमच्या इनचार्ज सिस्टरांचा निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ झाला. मग आमच्या प्रसूतिगृहाच्या ट्रस्टींपैकी एक गृहस्थ माइक हातात घेऊन म्हणाले, "सिस्टर म्हणजे सेवेची मूर्ती! बावीस वर्षांत त्यांना कधी स्वतःचा सण आठवला नाही." सगळ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की शेजारच्या नर्सनं माझा हात दाबून धरला. धरला नसता तर मी उठून माइक हिसकावला असता.

सण आठवला नाही म्हणे! अहो, आठवला होता. तीन वर्षांपूर्वी तोंड उघडून मागितला होता. फक्त एक दिवस मागितला होता, आमच्याकडेच, आणि आम्ही दिला नाही. ज्या बायांनी दिला नाही त्याच परवा टाळ्या पिटत होत्या, त्यांच्यात मीही बसले होते. कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

मी भिवंडीत नर्स आहे, पंचवीस वर्षं झाली. माझं माहेर गावातलं, वडील कोर्टात कारकून. सासर मानकोलीचं. सासरची भातशेती होती, तिथं आता गोडाऊनं उभी आहेत, त्यामुळे घरातल्या कुणालाच कळत नाही की ही बाई अजून दुसऱ्यांची बाळंतपणं काढायला का जाते. "काय कमी हाय तुला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता उत्तरच देत नाही. माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या दवाखान्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे हे सगळं गोडात सांगितलं जाईल अशी अपेक्षा धरू नका.

सिस्टर नगरकडच्या. एका खेड्यातल्या ख्रिस्ती शाळामास्तरांची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा साध्या स्टाफ नर्स होत्या, तीन वर्षांत इनचार्ज झाल्या. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायच्या. दोन्ही बाजूंना लूम, दिवसरात्र खडखडाट, पण त्या म्हणायच्या, "लूम बंद पडले की मला जाग येते." दिसायला किरकोळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चहात तीन चमचे साखर. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही तर पुन्हा सगळी खाट घालायला लावायच्या. म्हणजे अगदीच संत वगैरे नव्हत्या. चिडायच्या, रुसायच्या, रुसल्या की दोन दिवस फक्त कामापुरतं बोलायच्या.

पण इनचार्ज म्हणून मी त्यांच्यासारखी बाई पाहिली नाही. बाकीचे साहेब लोक मी पाहिलेत, सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. या बाईला मुळी उंटावर चढताच यायचं नाही. एकदा आया आली नव्हती आणि बाळंतिणीचा बेडपॅन भरून पडला होता. आम्ही तिघी नर्स एकमेकींकडे बघत होतो, 'तुझं काम, माझं नाही' असं डोळ्यांनीच चाललं होतं. सिस्टर आल्या, बेडपॅन उचलला, धुऊन आणला, हात धुतले. मला लाजेपेक्षा रागच जास्त आला. मी म्हटलं, "सिस्टर, इनचार्ज झालात ना? निदान खुर्चीत तरी बसा. तुम्ही असं केलंत की आमचं नाक कापलं जातं."

त्यांना खरंच नवल वाटलं. "अगं, आमच्या प्रभूनं गुरू असून शिष्यांचे पाय धुतले. मी तर फक्त बेडपॅन धुतला," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. सगळ्या मिळून धर्माविषयी मी त्यांच्या तोंडून चार वाक्यं ऐकली असतील, त्यातलं हे एक. तरी एका पेशंटच्या दिरानं आरडाओरडा केलाच होता, 'ही बाई प्रसूतीच्या आधी डोळे मिटून काय पुटपुटते? आमच्या वहिनीला बाटवते काय?' सिस्टर म्हणाल्या, "दादा, मी हात धुते. दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात देवाला सांगते, माझ्या हातून घाई होऊ देऊ नको. तुमच्या वहिनीसाठी तुम्हीही सांगा, तुमच्या देवाला." तोच गडी बाळ झाल्यावर पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा त्यांनाच दिला.

आणि ही नुसती मऊ बाई होती असंही समजू नका. एकदा एका ट्रस्टींच्या भाचीला स्वतंत्र खोली हवी होती. त्या खोलीत एका लूम कामगाराची बायको होती, सिझेरियन झालेली. वरून निरोप आला, तिला जनरलमध्ये हलवा. सिस्टर म्हणाल्या, "खोली आधी आलेल्या बाईची. टाके वाळेपर्यंत ती तिथून हलणार नाही. हलवायचीच असेल तर साहेबांनी स्वतः यावं आणि स्ट्रेचर धरावं." साहेब आले नाहीत. सिस्टरांना मेमो मात्र आला. तो त्यांनी वाचला आणि फायलीत लावून टाकला. दुसऱ्यांसाठी ही बाई वाघीण होती. स्वतःसाठी भांडायला मात्र तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि आम्ही नेमकं ते हेरलं होतं. मऊ सापडलं की कोपरानं खणायचं, ही आपली जुनीच रीत.

आता ड्युटी चार्टचं सांगते. आमच्याकडे महिन्याचा चार्ट इनचार्ज भरते. बाकीच्या दवाखान्यांत चार्ट लागला की रडारड सुरू होते, कुणाची दिवाळी गेली, कुणाची ईद गेली. आमच्या सिस्टरांची पद्धत वेगळी होती. चार्ट हातात घेतला की आधी सणांचे दिवस शोधायच्या आणि त्या सगळ्या चौकोनांत लाल पेनानं स्वतःचं नाव लिहायच्या. गौरी-गणपती, लक्ष्मीपूजन, भाऊबीज, दोन्ही ईद. मग उरलेला महिना आमच्यात वाटायच्या. आमच्यातल्या मुसलमान नर्सला ईदची सुट्टी मागावी लागली नाही, मला दिवाळीची मागावी लागली नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सोळा दिवाळ्या मी घरी पहाटे उटणं लावून आंघोळ केली, आणि त्या सोळाही दिवाळ्यांना सिस्टर वॉर्डात उभ्या होत्या.

पहिल्या वर्षी आम्ही 'थँक्यू' म्हटलं. दुसऱ्या वर्षी फराळाचा डबा नेऊन दिला. पुढं पुढं काहीच नाही. पुढं तर चार्ट लागला आणि एखाद्या सणाला चुकून लाल नाव दिसलं नाही, तर आम्हीच जाऊन विचारायचो, "सिस्टर, इथं राहिलं वाटतं तुमचं?" निर्लज्जपणा म्हणतात तो हाच. आणि आमच्यात एक विनोद होता, तो आम्ही त्यांच्यासमोरही करायचो, की सिस्टरांना कॅलेंडरची गरज नाही, त्यांना सणच नाही. त्या हसायच्या.

बरं, नाताळ कुठं गेला? तर नाताळ म्हणजे आमच्या लेखी पंचवीस डिसेंबरची सुट्टी. मुलांच्या शाळा बंद, बँका बंद, नवऱ्याला सुट्टी, थंडी छान. मग कुणी वज्रेश्वरीला कुंडात डुंबायला, कुणी लोणावळ्याला, कुणी बहिणीकडे. सगळ्यांच्या रजेच्या चिठ्ठ्या नोव्हेंबरातच तयार. मग त्या दिवशी कोण? त्याच! पंचवीस तारखेला सकाळी आठला ड्युटीवर यायच्या, हातात मोठा डबा, त्यात त्यांनी स्वतः केलेल्या करंज्या, शंकरपाळ्या आणि केक. ज्या एक-दोघी ड्युटीवर असायच्या त्या तिथंच फडशा पाडायच्या, आणि बाकीच्या सव्वीसला येऊन विचारायच्या, "आमच्यासाठी ठेवला का केक?" बाईच्याच सणाला बाईलाच ड्युटी, आणि वर तिचाच फराळ हादडायचा! इतक्या वर्षांत आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही, की अरे, आज हिचा सण आहे. खोटं नाही सांगत, माझ्याही डोक्यात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी चार्ट लावला, आणि पंचवीसच्या चौकोनात लाल नाव नव्हतं. पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'रजा?' प्रश्नचिन्हासकट. इनचार्ज बाई स्वतःच्या रजेपुढे प्रश्नचिन्ह लिहिते!

दुपारी शिफ्ट बदलताना आम्ही सहाही नर्स खोलीत होतो. सिस्टर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यंदा माझी आई येणार आहे नाताळाला. ऐंशीच्या पुढं गेलीय. मी भिवंडीत आल्यापासून नाताळाला तिच्यासोबत एकदाही देवळात गेले नाही. ती तिकडं, मी इकडं. पुढच्या वर्षी तिला प्रवास झेपेल असं दिसत नाही. तेव्हा म्हटलं, पंचवीसची सकाळ कुणी घेईल का माझ्याऐवजी? फक्त सकाळ. दोन वाजता मी येते."

काय मागितलं? सहा तास. आईला देवळात न्यायला. चर्चला त्या देऊळच म्हणायच्या.

एक म्हणाली, मुलांना वज्रेश्वरीचं कबूल केलंय, गाडी ठरलीय. दुसरी म्हणाली, माझ्या नणंदेचं डोहाळजेवण आहे, सुट्टी बघूनच ठेवलंय. आमच्यातली मुसलमान नर्स एकटीच 'मी घेते' म्हणाली, पण ती आठ महिन्यांची गरोदर, वीस तारखेपासून तिची रजा लागत होती. सिस्टरच तिला म्हणाल्या, "तू नाही हं, तू घरी पाय वर करून बस." उरलेल्या दोघींनी मूग गिळले. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी सगळ्यांत जुनी, सगळ्यांत जास्त दिवाळ्या खाल्लेली.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अहो सिस्टर, नेमकी त्याच दिवशी आमच्या नव्या गोडाऊनची पूजा आहे. सत्यनारायण. थोरल्या दिरांनी पाहुण्यांना सुट्टी असते म्हणून तीच तारीख काढलीय. मी घरची सून, मी नसले तर कसं दिसेल?" बोलताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. उलट इतकं चांगलं कारण आपल्याकडे आहे याचं बरं वाटलं.

"बरं बरं, पूजा आहे तर असू दे," सिस्टर म्हणाल्या. खोडरबर घेतलं आणि 'रजा?' पुसलं. लाल पेन काढलं आणि लिहिलं नाव. आम्ही सगळ्या मोकळ्या झालो आणि चहा प्यालो.

पण ते पुसलेलं काही माझ्या डोक्यातून जाईना. चोवीस तारखेला दुपारी मी इंजेक्शनच्या कपाटाशी त्यांना गाठलं. आई आदल्या दिवशीच आली होती, नगरहून एसटीनं, कल्याणला उतरून रिक्षानं. मला वाटतं माझा माझ्यावरचाच राग होता, पण तो मी त्यांच्यावर काढला. माझी रीतच आहे ती.

"सिस्टर, तुम्ही इनचार्ज आहात की नाही? विचारत कशाला बसलात? लावायची कुणाचीही ड्युटी! माझी लावा. मी शिव्या देईन, पण येईन."

"मग तूच म्हण ना, 'येते' म्हणून."

घरी शंभर माणसांचा स्वयंपाक होता उद्या.

"बघ," त्या म्हणाल्या. चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. "हुकूम केला तर सगळ्या येतील, ते मला माहीत आहे. मला हुकमाची सुट्टी नको होती गं. मी सणांना उभी राहिले ते कुणी परतफेड करावी म्हणून नाही. देवानं मला तसं शिकवलंय, म्हणून. पण इतक्या वर्षांत एकदा कुणीतरी आपणहून म्हणेल, 'सिस्टर, तुम्ही जा,' असं मनात यायचं. ते मनात आणलं हीच चूक झाली. आणि खरं सांगू? राग येतो मला तुमचा. सगळ्यांचा येतो. रोज प्रार्थना करते, तरी येतो. आता सर बाजूला, मला इंजेक्शनं मोजू दे."

एवढं ऐकून माणसानं काय करावं? तिथंच म्हणावं ना, की जा उद्या, मी आहे! मी मात्र पर्स उचलली आणि घरी गेले. लोक मला परखड म्हणतात. कसली परखड? दुसऱ्याला बोलायचं असलं की परखड.

पंचवीसला सकाळी मी आमच्या अंगणात मोठ्या पातेल्यात प्रसादाचा शिरा ढवळत होते. मंडप घातलेला, भटजी यायचे होते, दारात पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. माझा एक चुलतदीर खुर्ची टाकून बसला होता. त्यानं सहज विचारलं, "आज कसली सुट्टी हाय रं?" दुसरा म्हणाला, "काय की. ख्रिश्चन लोकांचं कायतरी असतं. आपल्याला काय, सुट्टी मिळाली ना!" आणि दोघं हसले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं हो. ते बिचारे गाड्या आणि गोडाऊनं बघणारे. पण मला असं झालं, की कुणीतरी मलाच आरशासमोर धरून उभं केलंय. हेच, हेच तर मी म्हणाले होते, फक्त जरा शिकलेल्या भाषेत. डोकं असं भडकलं, की मी उलथणं पातेल्यात तसंच टाकलं, धाकट्या जावेला म्हटलं, "खाली लागू देऊ नकोस," आणि चप्पल घातली.

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगो, पूजा हाय न तू कुठं चाललीस? लोकं काय बोलतील?"

"बोलू देत! सोळा वर्षं माझी दिवाळी दुसऱ्या बाईच्या जिवावर चाललीय, तेव्हा कुणी बोललं न्हाय," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. कळण्यासारखं मी कधी घरी सांगितलंच नव्हतं.

रिक्षा मिळाली, पण मानकोली नाक्यावर कंटेनरांची ही रांग. सुट्टी साऱ्या जगाला, ट्रेलरला नाही. मी रिक्षात बसून रिक्षावाल्यावर, ट्रकवाल्यांवर, सगळ्यांवर चडफडत होते. दवाखान्यात पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. देवळातली उपासना साडेनऊची.

लेबर रूममध्ये एक पहिलटकरीण होती. लूमवर काम करणाऱ्या एका बिहारी माणसाची बायको, वीस-एकवीसची, माणूस म्हणून सोबत फक्त नवरा, तो बाहेर भिंतीला टेकून घाबरलेला. पहाटे सहालाच ती आली होती आणि रात्रपाळीच्या नर्सनं सिस्टरांना खोलीतून बोलावून घेतलं होतं. मी साडीवरच गाऊन चढवला, आत शिरले आणि म्हटलं, "सिस्टर, मी आले. तुम्ही निघा. आताच्या आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भरजरी साडी, केसांत गजरा, हाताला तुपाचा वास. त्यांना हसू आलं असावं. पण त्यांचा हात त्या मुलीनं दोन्ही हातांनी धरला होता आणि ती सारखी म्हणत होती, "दीदी, मत जाना. दीदी, आप मत जाना."

"नहीं जाती, बेटा," सिस्टर म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आता नाही जाता येणार. तीन तास झाले, हिला शब्द दिलाय मी."

"मी काय नवशिकी आहे? हजारभर बाळंतपणं केलीत मी!"

"तुला येत नाही असं कुठं म्हटलं? हिला मीच ओळखीची झालेय. मध्येच हात सोडवून मी देवळात जाऊ आणि तिथं जाऊन काय सांगू?" एवढं बोलून त्या पुन्हा तिच्याकडे वळल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू एक कर. आईला घेऊन जा. मला ड्युटी आहे म्हणून सांगितलं, तरी ती पहाटेपासून तयार होऊन बसलीय. एकटीला देवळाचा जिना चढवणार नाही."

मला इतका राग आला! हट्टी बाई, म्हटलं मनात. पण रागाला जागा कुठं होती? तीन आठवडे आधी मी 'हो' म्हटलं असतं, तर सहाला बोलावणं मला आलं असतं आणि त्या मुलीनं माझा हात धरला असता. आदल्या दिवशी कपाटाशी म्हटलं असतं, तरी चाललं असतं. शिरा अर्धवट टाकून ऐनवेळी धावत येणं याला मदत म्हणत नाहीत. आपल्या मनाची टोचणी घालवण्यासाठी माणूस असं धावतो.

मागच्या गल्लीत गेले. दार उघडंच होतं. आजी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. नवी कोरी पांढरी साडी, बारीक निळ्या काठाची, केस चापूनचोपून बांधलेले, मांडीवर कापडी पिशवी. माझ्या चपलांचा आवाज ऐकून लगबगीनं उठल्या. "आलीस का गं?" मग मला बघितलं आणि पुन्हा बसल्या.

"आजी, मी दवाखान्यातली. सिस्टरांना पेशंट आलीय, बाई अडलीय. त्यांनी मला पाठवलं. चला, मी नेते तुम्हाला."

"म्हणजे ती नाही यायची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "तुम्ही मानकोलीच्या का? गोडाऊनवाल्या?"

"हो."

तर त्या म्हातारीनं उठून माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "बाई, किती वर्षं तुम्हाला बघायचं होतं. दर नाताळाला फोनवर तुमचं सांगती. म्हणती, आई, माझी मैत्रीण म्हणते, सिस्टर तुम्ही जा आईकडं, तुमची ड्युटी मी करते. सारख्या पाठी लागतात म्हणती सगळ्या. पण माझाच पाय निघत नाही, पेशंट सोडवत नाहीत, असं म्हणती. मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते हो. माझ्या लेकीला परक्या गावात इतकी चांगली माणसं मिळाली."

मला काय झालं ते मी कसं सांगू? त्यांनी धरलेले हात मला काढून घ्यावेसे वाटत होते आणि काढता येत नव्हते. सिस्टरांचा राग आला, फार आला. कशाला झाकलंत आम्हाला? कुणी सांगितलं होतं? आमची इतकी वर्षांची हरामखोरी घेऊन त्यांनी आईला एक छान गोष्ट रचून सांगितली होती आणि तिच्यात मला चांगली केली होती. 'हो आजी' म्हणून निभावून नेता आलं असतं. माझ्या जिभेला तेवढं मात्र जमलं नाही.

"आजी, मी एकदाही म्हटलं नाही," मी सांगितलं.

"काय?"

"'तुम्ही जा' असं. मी नाही म्हटलं, कुणीच नाही. एकदाही नाही. यंदा तर त्यांनी स्वतः मागितली सुट्टी. तुमच्यासाठी. तरी नाही दिली आम्ही. माझ्या घरी पूजा होती."

आजींनी हळूच माझे हात सोडले. चष्म्याआडून बघत राहिल्या. "एकदाही नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली.

"म्हणजे दरसाल ती माझ्याशी खोटं बोलली," त्या म्हणाल्या. "खोटं मला चालत नाही. लहानपणी एकदा खोटं बोलली होती तर दिवसभर मी तिच्याशी अबोला धरला होता. ठाऊक आहे तिला." मग पिशवीचे बंद नीट करत म्हणाल्या, "मला कळलं म्हणून तिला सांगू नका. तिला वाटेल, आईनं तुम्हा लोकांवर राग धरला."

"धरलात का, आजी?"

"हो," त्या म्हणाल्या. "धरला. चला, उपासनेला उशीर होतोय."

रिक्षानं निघालो. त्यांचं देऊळ म्हणजे कल्याणच्या रस्त्याला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. मी त्यांना एकेक पायरी चढवलं. प्रत्येक पायरीला त्या माझा हात धरायच्या आणि पायरी झाली की सोडायच्या. वर गर्दी ही! प्लास्टिकच्या खुर्च्या, माळा, कागदी चांदण्या, नव्या कपड्यांतली लहान मुलं. एका तरुणानं आजींना ओळखलं, "सिस्टरांच्या आई ना?" म्हणत तिसऱ्या रांगेत नेलं. कडेच्या दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. आजी एकीवर बसल्या आणि दुसरीवर त्यांनी पिशवी ठेवली.

गाणं सुरू झालं. मी बाजूच्या भिंतीशी उभी होते. मला त्या गाण्यातलं काही येत नव्हतं. आजींना सगळं येत होतं. कापऱ्या आवाजात त्या गात होत्या आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळवून बघत होत्या.

त्या तरुणाला माझी दया आली असावी. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही उभ्या का? ती पिशवी खाली ठेवतो, बसा ना तिथं."

आजींनी ऐकलं. पिशवीवर हात ठेवला.

"ती खुर्ची माझ्या लेकीची आहे," त्या म्हणाल्या.

"हो," मी त्याला म्हटलं, "त्यांचीच आहे. मी उभी राहते."